वावर विकून जर्मनीला जाऊ का? (आणि आणखी दोन पत्रं)

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, वय २५. अमरावती विद्यापीठातून २०२२ ला बीई कॉम्प्युटर झालं, आता नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत जावाचं काम करून राहिलो, दोन वर्षं आठ महिने झाले, पगार ३८ हजार. घरी साडेसहा एकर वावर, पऱ्हाटी अन् सोयाबीन, बाबा एकटेच पाहतात. नागपूरचा एक कन्सल्टन्सीवाला म्हणते की जर्मनीचा जॉब गॅरंटीने लावून देतो, साडेसहा लाख लागतील, अर्धे आत्ताच. बाबा म्हणतात रस्त्याकडचं दोन एकर काढून टाकू, तुझं तरी आयुष्य बनंल. आई काहीच बोलत नाही. बहीण बारावीला आहे. एजंटने दिलेल्या कागदाचा फोटो सोबत पाठवला. जाऊ का? अन् गेलो तर बाबांचं काय?

उत्तर

भाऊ, जायचं का नाही ते आपण निवांत बोलू, पण त्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही आणि दोन एकर विकायचं नाही, हे पहिले पक्कं कर आणि हे वाचून झाल्याबरोबर बाबांना फोन लाव, कारण रस्त्याकडच्या वावराला गिऱ्हाईक पटकन मिळतं आणि एकदा इसार घेतला की मग माणूस शब्दात अडकतो.

तुझा तो कागद मी तीनदा वाचला. वर जर्मनीचा झेंडा आहे, खाली गोल शिक्का आहे, पण मधात कंपनीचं नाव नाही, शहर नाही, पगाराचा आकडा नाही. एक ओळ मात्र आहे, 'अपॉर्च्युनिटी कार्ड प्रोसेसिंग', आणि सगळी गोम तिथंच आहे. हे कार्ड म्हणजे नोकरी नाही. जर्मनीने जून २०२४ पासून सुरू केलेली ती नोकरी शोधायची परवानगी आहे, शिक्षण, अनुभव, भाषा, वय असे पॉइंट मोजतात, सहा भरले तर एक वर्ष तिथं राहून नोकरी शोधता येते, तोवर आठवड्याला २० तास पार्ट टाइम काम करता येतं. आणि त्या वर्षाचा खर्च आपल्याकडे आहे हे आधी दाखवावं लागतं, २०२५ साली तो महिन्याला १,०९१ युरो होता, म्हणजे वर्षाचे तेरा हजार युरोच्या वर. म्हणजे साडेसहा लाख त्याला दिल्यावर तेरा-चौदा लाख आणखी तुलाच उभे करायचे आणि नोकरी तिथं जाऊन तुलाच शोधायची. हे त्याने तुला सांगितलं नसणार.

व्हिसाची खरी फी किती माहीत आहे का? जर्मनीच्या वर्क व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. आणि परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला आपल्या इथं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडून लायसन्स घ्यावं लागतं, आणि लायसन्सवाला सुद्धा उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेऊ शकत नाही. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर लायसन्सवाल्यांची यादी आहे, त्याचं नाव तिथं शोध. बरेच जण 'आम्ही एजंट नाही, आम्ही व्हिसा कन्सल्टंट' म्हणून हात वर करतात, पण मग गॅरंटी कोणत्या तोंडाने देतात हे त्याला विचार, आणि उत्तर लेखी माग.

मी एवढं तळमळीने का सांगते, तर २०१२ ला मी हेच केलं होतं. आर्वीजवळचं आमचं गाव, बाबांनी सोयाबीनचे आलेले ८० हजार नागपूरच्या एका ऑफिसात नेऊन दिले, स्वतः आले होते एसटीने, पैसे बंडीच्या आतल्या खिशात, सेफ्टीपिन लावून. दिवाळीनंतर गेलो तर शटर बंद, बोर्ड काढलेला, भिंतीवर नुसत्या खिळ्यांच्या खुणा. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या गाडीत ते खिडकीकडे पाहत बसले होते ते मला आजही दिसतं. त्या वर्षी रब्बीला खत उधारीवर आणलं. पुढे तीन वर्षांनी मी जर्मनीला गेले ती स्वतः अर्ज करून, एजंटशिवाय, आणि नऊ वर्षं राहून परत आले.

आता खरा रस्ता सांगते. तुझ्याकडे डिग्री आहे आणि आयटीचा अनुभव आहे, तर तुझा दरवाजा ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या माणसाला नोकरीसाठी तिथं राहायची परवानगी. त्याला आधी जर्मन कंपनीचं ऑफर लेटर लागतं आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर लागतो, २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आयटीसारख्या तुटवड्याच्या कामांना ४३,७५९.८० युरो, दर जानेवारीत आकडा बदलतो म्हणून अर्जाच्या वेळी नवा पाहायचा. विद्यापीठ आणि डिग्री त्यांच्या 'अनाबिन' नावाच्या यादीत शोधायची, विद्यापीठासमोर एच प्लस दिसलं पाहिजे, घरबसल्या पाहता येतं, पैसे लागत नाहीत. (तुझा कोणी मित्र डिग्री अर्धवट सोडून कोडिंग करत असेल तर त्यालाही सांग, नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्याला मागच्या सात वर्षांत तीन वर्षांचा पक्का अनुभव असेल तर डिग्रीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं.) जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातल्या कुशल लोकांसाठी वर्षाच्या व्हिसाची संख्या २० हजारांवरून ९० हजार केली, म्हणजे त्यांना माणसं पाहिजेत. मग मधल्या माणसाला साडेसहा लाख कशाचे?

अमेरिकेचं तू विचारलं नाहीस, पण कोणी ना कोणी डोक्यात भरवेलच. तिथं एच-वन-बी, म्हणजे कंपनीने काढायचा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ६५ हजार आणि तिथल्याच मास्टर्सवाल्यांना वेगळे २० हजार, अर्ज त्याच्या कितीतरी पट, आणि सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून नवा माणूस आणायचा तर कंपनीवर एक लाख डॉलरची फी लावली. तुझ्या अनुभवावर कोणी एवढे भरणार नाही. तिकडे वेळ घालवू नको.

तयारी काय करायची, इथं मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण मी तिथं नंतर इंटरव्ह्यू घ्यायला बसायची आणि आपल्याकडची पोरं कुठं अडतात ते समोरून पाहिलं आहे. कोड येतो. कोड आपल्या पोरांना चांगला येतो. अडतात बोलण्यात. विचारलं की तुझ्या सिस्टीममध्ये मागच्या वेळी काय बिघडलं होतं आणि तू काय केलंस, तर पोरगं कंपनीच्या प्रोजेक्टची पाठ केलेली माहिती सांगत सुटतं, 'वी डिड, वी यूज्ड', आणि स्वतः काय केलं ते येतच नाही. तिकडच्या माणसाला हेच ऐकायचं असतं की रात्री पेमेंट अडकलं, मी लॉग उघडले, पहिले मला वाटलं डेटाबेसचं आहे, ते नव्हतं, टाइमआउट होता, मग मी असं असं केलं. चूक झाली असेल तर तीही सांगायची, ती सांगितली तर विश्वास वाढतो तिथं. यवतमाळ-दारव्ह्यातून आलेल्या पोराला इंग्रजीची धाकधूक असते, मला पण होती, मी वर्ध्याला मराठी मिडियममध्ये शिकलेली. मी काय केलं, रोज रात्री खोलीत मोबाइल उभा ठेवून त्या दिवशी लिहिलेला कोड इंग्रजीत समजावून सांगायची, रेकॉर्ड करायची आणि सकाळी ऐकायची. पहिला महिना स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. तीन-चार महिन्यांनी अडखळणं गेलं. ॲक्सेंट बदलायची गरज नाही, बिलकुल नाही, हळू बोल आणि वाक्य पूर्ण कर.

त्याच्यासोबत जर्मन सुरू कर. ऑफिसात इंग्रजी चालेल पण घरमालकाचं पत्र, डॉक्टर, सरकारी ऑफिस सगळं जर्मनमध्ये. आणि सरळ फायदा आहे, ब्लू कार्डवाल्याला ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीएवढी भाषा असेल तर २७ महिन्यांनी कायमचा रहिवास मागता येतो, बी-वन, म्हणजे तिसऱ्या पायरीएवढी असेल तर २१ महिन्यांनी. नोकऱ्या शोधायला लिंक्डइन, स्टेपस्टोन आणि जर्मन सरकारची 'मेक इट इन जर्मनी' ही साइट, यापलीकडे गुप्त काही नसतं. आत्ताची नोकरी सोडू नको, चार-सहा महिने तिथंच काम वाढव, जबाबदारी मागून घे, अर्ज चालू ठेव. पन्नास अर्जांना उत्तरच आलं नाही तरी ते तसंच असतं, माझे सत्तरच्या वर झाले होते.

पैशाचं स्पष्ट सांगते. महिन्याला ४,००० युरो पगार ठरला तर एकट्या माणसाच्या हातात टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा कापून साधारण २,६०० येतात. म्युनिकसारख्या शहरात एका खोलीचं भाडं सहज हजाराच्या वर जातं, लाइपझिगसारख्या ठिकाणी कमी. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात आणि तुझा पहिला पगार महिना संपल्यावर येतो, म्हणून तिकीट धरून साडेतीन-चार लाख रुपये स्वतःचे हातात पाहिजेत. ते तुझ्या पगारातून जमव, वर्ष-दीड वर्ष लागेल, काही कंपन्या जाण्याचा खर्च देतात ते ऑफरच्या वेळी विचारायला लाजू नको. आणि पहिले सहा महिने प्रोबेशन असतं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात, मग दुसरी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. आता विचार कर, चौथ्या महिन्यात असं झालं आणि मागे दोन एकर विकलेलं असलं, तर तू कोणत्या छातीने नवा इंटरव्ह्यू देशील? स्वतःच्या बचतीवर गेलेला पोरगा अशा वेळी परत येऊन मिहानमध्ये पुन्हा रुजू होऊ शकतो आणि घरचं काही बिघडत नाही.

वावराची आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात फार कमी लोकांना माहीत आहे. तू एकदा एनआरआय झालास की तुला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, आधीची असेल तर ठेवता येते, पण नवीन खरेदी नाही. म्हणजे 'आत्ता विकू, जर्मनीतून पैसे पाठवून परत घेऊ' हे जे बाबांच्या डोक्यात असेल, ते तुझ्या नावाने होणार नाही. आणि आजचा भाव पुढे राहणार आहे का? रस्त्याकडचं दोन एकर गेलं की मागच्या साडेचार एकराला बैलबंडी न्यायला वाट कोणाच्या धुऱ्यावरून, हे पण बाबांना विचार.

आता बाबांचं काय. तू नागपूरला असतानाही कामं तूच करत असशील मला माहीत आहे, ई-पीक पाहणी तुझ्या मोबाइलवर, कापूस सीसीआयला द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी तूच केली असशील, पीक विमा तूच भरला असशील, बँकेचा ओटीपी तुझ्या नंबरवर येत असेल. हे सगळं जायच्या सहा महिने आधी बदलायचं. बाबांच्या बँकेला बाबांचा नंबर जोड, बहिणीला समोर बसवून एकदा ई-पीक पाहणी करून दाखव, वावरात नेऊन, फोटो कुठं उभं राहून घ्यायचा ते सकट. बारावीची पोरगी तुझ्यापेक्षा लवकर शिकेल. तीन-चार एकर मक्त्याने द्यायचं ठरलं तर पाडव्याच्या आधी बोलणं करून साधं का होईना लिहून घ्या. पीएम-किसानची काळजी करू नको, त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, तुझ्या कमाईने बाबांचे पैसे बंद होत नाहीत. तू गेल्यावर तुझं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं खातं, करून घ्यायचं, आणि तिकडून कधी कोणाला मुखत्यारपत्र पाठवलं तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यायचं, लोक विसरतात.

राहिली आई. ती बोलत नाही हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण मी तिथंच थांबले. तिला सगळ्यांसमोर विचारू नको. या शनिवारी घरी जा, संध्याकाळी ती भाकरी टाकत असते तेव्हा एकटाच जवळ बस आणि विचार की तुला कशाची भीती वाटते. माझ्या आईने मला एकच विचारलं होतं, तिथं तू आजारी पडली तर पाहते कोण? मी तिला सांगितलं की तिथं आरोग्य विमा सगळ्यांना सक्तीचा आहे, नोकरी लागल्या दिवसापासून असतो, दवाखान्यात पैसे मोजत बसावं लागत नाही. तिला हे तीन-चार वेळा सांगावं लागलं. मग एक दिवस स्वतःच माझ्या बॅगेत तिखट आणि आंबाडीचं सुकवलेलं भरायला लागली.

जा भाऊ. नक्की जा. पण ऑफर लेटर हातात घेऊन जा आणि सातबारा जसा आहे तसा ठेवून जा.

पत्र दुसरं

ताई, मी कारंज्याची, वय २६, नागपूरच्या कंपनीत ऑटोमेशन टेस्टर आहे, घरून काम करते. मामांनी स्थळ आणलं आहे, मुलगा न्यू जर्सीला एच-वन-बीवर आहे, घर चांगलं आहे. सगळे म्हणतात तिकडे गेल्यावर तुला पण नोकरी लागेलच. खरंच लागेल का? नोकरी सोडायची माझी इच्छा नाही.

उत्तर

'लागेलच' हे कोणी म्हणू शकत नाही गं. एच-वन-बीवाल्याच्या बायकोला एच-फोर व्हिसा मिळतो आणि नुसत्या त्या व्हिसावर काम करता येत नाही. मे २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळते, पण मुख्य अट ही की नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या रांगेतला एक टप्पा, आय-१४०, मंजूर झालेला पाहिजे. मुलगा दोन-तीन वर्षांपूर्वी गेला असेल आणि कंपनीने ते सुरूच केलं नसेल तर तू किती वर्षं घरी बसशील ते कोणालाच माहीत नाही. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांवर वाटा नाही, आपल्या लोकांची रांग म्हणून एवढी लांब आहे.

तर मामांना नाही, मुलालाच विचार, व्हिडिओ कॉलवर, सरळ: तुमचं आय-१४० मंजूर आहे का, आणि नसेल तर कंपनी केव्हा करणार आहे. चांगला मुलगा असेल तर त्याला राग येणार नाही, उलट बरं वाटेल की हिला कळतं. आणि दुसरं विचार, मला तीन वर्षं काम करता आलं नाही तर तिसऱ्या देशात जायची किंवा परत यायची तुमची तयारी आहे का. त्याचं उत्तर काय येतं त्यापेक्षा तो किती वेळ विचार करून देतो ते पाहा. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, मी मुद्दाम सांगते, म्हणजे परदेश म्हटलं की सगळीकडे सारखंच असं वाटू नये.

लग्न ठरलं तर नोंदणी लगेच करून घे, व्हिसाला लागतेच. नोकरीचा राजीनामा व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत द्यायचा नाही. पासपोर्ट आणि पगाराचं खातं तुझ्याच हातात ठेव, लग्नानंतर पण. आणि तुझं मन हो म्हणत नसेल तर मामांना वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नको, मामा पोळ्यापर्यंत विसरतील.

पत्र तिसरं

मेहकर तालुक्यातून लिहितो. मुलगा बीसीए झाला, दीड वर्ष घरी आहे. व्हॉट्सॲपवर बँकॉकच्या आयटी कंपनीचा इंटरव्ह्यू झाला, डेटा एंट्री अन् डिजिटल मार्केटिंग, पगार ८० हजार, राहणं-खाणं फुकट, तिकीट पण तेच काढतात. पुढच्या आठवड्यात विमान आहे. पोरगा खूप खुश आहे. पाठवू ना?

उत्तर

दादा, नका पाठवू. तुमच्या पाया पडून सांगते.

हा सगळा नमुना ओळखीचा आहे. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच आयटीच्या पोरांसाठी इशारा काढला होता, की थायलंडच्या नोकरीचं सांगून पोरांना सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात नेतात, तिथं डांबून ठेवून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात, पासपोर्ट काढून घेतात, मारतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये अंदाज दिला की म्यानमारमध्ये असे किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात एक लाख लोक अडकलेले असतील. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेले ५४९ भारतीय दोन दिवसांत परत आणले. तीही कोणाची तरी शिकलेली लेकरंच होती.

पोराला म्हणा, कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि वर्क व्हिसाचा कागद पाठवायला सांग. ते म्हणतील टुरिस्ट म्हणून या, इथं आल्यावर करून देऊ. असं म्हटलं की विषय तिथंच संपला. तरी शंका वाटली तर सरकारची प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-३०९०, तिथं त्यालाच फोन लावू द्या, तुम्ही बाजूला बसा. पासपोर्ट आज रात्रीपासून तुमच्या कपाटात ठेवा, पण त्याला सांगून ठेवा, लपवून नाही.

आणि त्याला रागावू नका. दीड वर्ष घरी बसलेल्या पोराला कोणीतरी 'तुझं सिलेक्शन झालं' म्हटलं, त्याला किती बरं वाटलं असेल. त्याने बीसीएत काय काय शिकलं, कोणती भाषा येते, ते त्याच्याच हाताने मला लिहून पाठवायला सांगा. नागपूर-संभाजीनगरला फ्रेशर घेणाऱ्या दोन-तीन ठिकाणी मी स्वतः बोलते, पगार १५-१८ हजारच असेल, पण दर शनिवारी तो एसटीने मेहकरला घरी जेवायला येईल.